घराच्या सामानावरचं 'इको-फ्रेंडली' लेबल खरं की खोटं, हे कसं ओळखावं?

विटेपासून रंगापर्यंत सगळंच 'इको-फ्रेंडली' आणि 'सस्टेनेबल' म्हणून विकलं जातं, मग विश्वास कशावर ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. विशेषणावर मुळीच नको. आकडा मागा, आणि तो कुणी तपासला तेही विचारा.

उत्पादकांच्या स्वतःच्या दाव्यांसाठी आयएसओ १४०२१ हे मानक आहे. त्यानुसार 'ग्रीन', 'पर्यावरणस्नेही' असे मोघम शब्द वापरायचेच नाहीत. 'लीड प्रमाणित टाइल' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. लीड (LEED) हे पर्यावरणपूरक इमारतींचं मानांकन आहे; त्याचं प्रमाणपत्र इमारतीला मिळतं, वस्तूला नाही. मागायचा कागद म्हणजे ईपीडी, त्रयस्थाने तपासलेलं पर्यावरणीय घोषणापत्र. मात्र ईपीडी आहे म्हणून वस्तू चांगली ठरत नाही. त्यात फक्त परिणाम मोजून दिलेले असतात. दोन वस्तूंची तुलना करताना मोजमापाचं एकक एकच आहे ना आणि ईपीडीची मुदत संपलेली नाही ना, हे बघा.

सगळ्यात जास्त लक्ष काँक्रीटवर द्या. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे, सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात इंधनाचा धूर होतोच, पण चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो वाटा इंधनापेक्षा मोठा असतो. म्हणून 'ग्रीन काँक्रीट' म्हणणाऱ्याला विचारा: एका घनमीटरला सिमेंट किती किलो, आणि त्यातलं किती फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅगने (लोखंडाच्या भट्टीतली मळी) बदललंय? उत्तर आलं नाही तर ते साधं काँक्रीटच समजा. उत्तर आलं तरी साइटवर घोळ होतो. असं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, त्यामुळे नेहमीच्या हिशेबाने सेंटरिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) काढू देऊ नका. पाणी सात दिवस मारून थांबलात तर पृष्ठभाग कच्चा राहतो, भेगा पडतात. किमान दहा दिवस, कोरड्या हवेत चौदा दिवस मारा.

रंगाच्या डब्यावरचा 'लो व्हीओसी' (हवेत उडून जाणारी रसायनं कमी) आकडा बहुधा पांढऱ्या बेसचा असतो. दुकानात मिसळलेल्या टिंटरमुळे, म्हणजे छटा देणाऱ्या रंगद्रव्यामुळे, तो वाढू शकतो, म्हणून टिंटरचाही आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये मागा.

एसी किंवा हीटर चालणार असेल तर इन्सुलेशनच्या जाडीइतक्याच फटी महत्त्वाच्या. दारात पंखा बसवून घरातली हवा कुठून किती गळते हे बघणारी ब्लोअर डोअर चाचणी ५० पास्कल दाबाला करतात. ती आतलं फिनिशिंग होण्याआधी करून घ्या, म्हणजे खिडकीच्या चौकटीभोवतीच्या आणि पाइप भिंतीत शिरतात तिथल्या फटी दिसतील आणि तेव्हाच बुजवता येतील.