जुन्या 386 प्रोसेसरच्या बोर्डावर त्याच्या पुढच्या पिढीची, 486 ची अपग्रेड चिप बसवली, तर कमी पडणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स (प्रोसेसरला कळणारे हुकूम) सॉफ्टवेअरने भागवता येतात का? की ते नुसतं खोटं काम?

भागवता येतात. आणि ते खोटं काम नाही, हे मी 1993 पासून घरात सांगतोय.

386 ला न कळणारी इन्स्ट्रक्शन आली की तो इंटरप्ट 6 देतो, म्हणजे काम थांबवून हाक मारतो. तो पकडायचा, काम साध्या इन्स्ट्रक्शन्सनी उरकायचं आणि प्रोग्रामला पुढे सोडायचं. कोप्रोसेसर (दशांशाची गणितं करणारी जोडचिप) नसेल तर हेच, फक्त इंटरप्ट 7. (त्याहून जुना 8088 प्रोसेसर असेल तर नाद सोडा. त्याला 'मला येत नाही' म्हणताच येत नाही, भलतंच काहीतरी करून पुढे जातो.)

आमच्या रत्नागिरीच्या घरी बाबांचं नकाशांचं ऑफिस होतं. मशीन 386 एसएक्स, कोप्रोसेसरचं सॉकेट रिकामं. नकाशे काढायचं ऑटोकॅड त्याशिवाय सुरूच होत नसे. मी फ्लॉपीवरून एम्युलेटर, म्हणजे चिपचं काम सॉफ्टवेअरने करणारा प्रोग्राम, चढवला. ऑटोकॅडने विचारलं, 'कोप्रोसेसर आहे का?' एम्युलेटर बेधडक 'हो' म्हणाला, आणि चाललं की! मंद होतं, कबूल. एकदा रीजेन (नकाशा पुन्हा काढायचा हुकूम) दिलं की चहा ठेवून, पिऊन, कप विसळून यावं.

गणपतीला मुंबईहून भावोजी आले, खिशात 387 एसएक्स, म्हणजे खराखुरा कोप्रोसेसर. "हे नकली गणित आहे बाबा, एखाद्याचं घर पडेल." जावयाचा शब्द! चिप बसली, आणि मशीन सुरू होताच हँग. खापर माझ्यावर: एम्युलेटरने मशीन बिघडवलं म्हणे.

विसर्जनानंतर चिप काढून पाहिली. दोन पावसाळे खारी हवा खाऊन सॉकेटच्या पिना पितळेच्या भांड्यासारख्या कळकल्या होत्या. स्पिरिट, जुना टूथब्रश, संपलं काम. मग एकाच घराचा नकाशा दोन्ही प्रकारे काढला. क्षेत्रफळ चौथ्या दशांशापर्यंत तेच. चिपमुळे वेळ वाचला, आकडा बदलला नाही.

म्हणून किनाऱ्यावर राहत असाल तर आधी सॉकेट घासा, इन्स्ट्रक्शन्सचं नंतर बघू.

हो, तुमची चिप राहिलीच. ती सायरिक्सची 486 डीएलसी असेल तर बीस्वॅप, एक्सअ‍ॅड, सीएमपीएक्सचेंज या 486 च्या नव्या इन्स्ट्रक्शन्स तिच्यात आहेतच, एम्युलेटर कशाला? कोप्रोसेसर मात्र तिच्यात नाही, नावातल्या 486 वर जाऊ नका. 387 घ्या किंवा एम्युलेटर चालवा. आतला 1 केबी कॅश (छोटी वेगवान मेमरी) वेगळ्या प्रोग्रामने चालू करावा लागतो, आणि जुन्या बोर्डांवर तो डीएमएशी (प्रोसेसरला वगळून मेमरीत थेट डेटा टाकायची सोय) भांडतो. फ्लॉपी चुकीची वाचली जायला लागली तर आधी कॅश बंद करून बघा. आणि एम्युलेट केलेली एकेक इन्स्ट्रक्शन प्रोसेसरचे शेकडो क्लॉक (ठोके) खाते, तेव्हा गेमच्या नादाने हे करणार असाल तर करू नका.

भावोजी, तुम्ही हे वाचणारच. ती दोन्ही प्रिंटआउट बाबांच्या कपाटात अजून आहेत. गणपतीला या, दाखवतो.