घरी टेस्ट करायची की सरळ डॉक्टरकडे जायचं?

प्रश्न: माझी नणंद इंग्लंडला असते, तिला पन्नाशीनंतर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी आलं. मी 51 ची, मला काही त्रास नाही. मिस्टर 54 चे, त्यांना शौचाला अधूनमधून रक्त पडतं पण ते म्हणतात मूळव्याधच आहे. आम्ही दोघांनी घरीच ही टेस्ट केली तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, आधी मिस्टरांचं बोलू. त्यांनी ही टेस्ट करत बसू नये, सरळ डॉक्टरकडे जावं. ही टेस्ट शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते, त्यांना तर दिसतंय, आणि चुकून निगेटिव्ह आली तर ते निवांत घरी बसतील, मला तीच भीती वाटते. मूळव्याध असेलही, पण मूळव्याध आणि आतड्यातली गाठ एकाच माणसाला असू शकते ना. वजन उतरलंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, शौचाची सवय बदललीय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

तुम्ही मात्र जरूर करा. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाला दर दोन वर्षांनी हे किट जातं, अमेरिकेत 2021 पासून 45 व्या वर्षीच तपासणी सुरू करायला सांगतात. आपल्याकडच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही, त्यामुळे घरी कोणी पाठवणार नाही, आपणच फॅमिली डॉक्टरांना विचारून लॅबमध्ये जायचं. तिथे 'फिट' (FIT) टेस्ट, म्हणजे इंग्लंडच्या किटमध्ये असते तीच, हवी असं स्पष्ट सांगा. जुन्या पद्धतीच्या टेस्टला आधी काही दिवस मटण आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, फिट फक्त माणसाचं रक्त ओळखते म्हणून तिला पथ्य नाही.

सॅम्पल घेताना किळस वाटते म्हणून बरेच जण टाळतात, पण काम दोन मिनिटांचं आहे. शौच पाण्यात पडू द्यायचं नाही, खाली कागद किंवा स्वच्छ डबा धरायचा, बाटलीच्या झाकणाला जी काडी असते ती दोन-चार ठिकाणी टोचायची, काडीच्या खाचांत भरेल तेवढंच पुरे, मग परत बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि तारीख टाकून लवकरात लवकर लॅबला द्यायचं. पाळी चालू असेल तर ते दिवस जाऊ द्या.

पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेकांना नसतो, पण मग कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासणं, करावीच लागते, पुन्हा तीच टेस्ट करून निगेटिव्ह यायची वाट बघायची नाही. आतड्यातल्या साध्या गाठीचं कॅन्सरमध्ये रूपांतर व्हायला बहुधा कित्येक वर्षं जातात, तोवर ती कोलोनोस्कोपीतच काढून टाकता येते. निगेटिव्ह आली तरी एकदा करून भागत नाही, दर एक-दोन वर्षांनी करायची, आणि मध्ये रक्त दिसलं तर पुढच्या टेस्टची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर फिटवर भागवू नका, थेट कोलोनोस्कोपीबद्दल विचारा, तीही साधारण चाळिशीपासूनच.