चमकणारे जिवाणू वापरून पानावरचा रोग कसा पसरतो हे खरंच पाहता येतं का?

हो, पाहता येतं, आणि तेही पान न तोडता. कोबीवरचा घाण्या रोग घ्या. तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. समुद्रातल्या व्हिब्रिओ फिशरी या जिवाणूची प्रकाश देणारी ‘लक्स’ जनुकं झँथोमोनासमध्ये घातली की तो स्वतःच मंद निळसर-हिरवा उजेड देतो. १९८०च्या दशकापासून हे तंत्र वापरात आहे. रोप अंधाऱ्या पेटीत ठेवून अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने फोटो घेतात. पानाच्या कडेला पहाटे जिथे थेंब साचतात, त्या बारीक छिद्रांतून जिवाणू आत शिरतो आणि शिरांतून मधल्या शिरेकडे सरकतो. कडेचा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा डाग डोळ्यांना दिसण्याआधीच जिवाणू कुठवर पोचलाय हे उजेडावरून कळतं. जुन्या पद्धतीत पान वाटून त्यातले जिवाणू ताटलीत वाढवून मोजावे लागतात, म्हणजे ते पान तिथेच संपलं. इथे तेच पान रोज पाहता येतं, आणि माझ्या मते खरी किंमत याचीच आहे. मात्र या उजेडाला ऑक्सिजन आणि जिवाणूची स्वतःची ऊर्जा लागते. सुस्त पडलेले किंवा अगदी थोडे जिवाणू दिसतच नाहीत, त्यामुळे पान अंधारं आहे म्हणजे निरोगी आहे असं धरू नका.