मोटरहोमची सर्व्हिसिंग: मेन डीलर की स्वतंत्र गॅरेज? (ब्रिटन)

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ची कोचबिल्ट (व्हॅनच्या चेसिसवर वेगळी खोली बांधलेली) मोटरहोम, फियाट डुकाटो २.३ (१३० मल्टिजेट), ३५०० किलो, दुसऱ्या हातातली. फियाटच्या व्हॅन डीलरचं कोटेशन जवळच्या गॅरेजच्या जवळजवळ दुप्पट आलंय. डीलर सोडला तर काही अडेल का?

अख्खी गाडी एकाच ठिकाणी द्यायची, असं धरून चाललात की हिशेब चुकतो. मोटरहोमला दोन सर्व्हिस असतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. एक खालच्या व्हॅनची: इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन. दुसरी राहण्याच्या भागाची, जिला इथे हॅबिटेशन सर्व्हिस म्हणतात: गॅस, पाणी, वीज आणि भिंतींतली ओल. फियाटचा डीलर दुसरीला हात लावत नाही. मोटरहोम विकणारा डीलर पहिली बहुधा बाहेरच करून घेतो. म्हणून दोन कोटेशनं समोर ठेवताना आधी बघा की दोघं एकाच कामाचा आकडा सांगताहेत का. 'फुल सर्व्हिस' हा शब्द दोघांनीही वापरलेला असतो आणि दोघांच्या यादीत वेगवेगळं असतं.

आकड्यांची मांडणी अशी करून पाहा. समजा डीलरचा तासाचा दर १५० पौंड आणि गॅरेजचा ७५, दोन्ही व्हॅट सोडून. तेल आणि फिल्टरच्या सर्व्हिसला दोन तास धरले आणि सामान डीलरकडे १४० चं, गॅरेजात १०० चं, तर डीलरचे ४४० होतात, २० टक्के व्हॅट लावून ५२८. गॅरेजचे २५०, व्हॅट धरून ३००. टायमिंग बेल्टला (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा) चार तास, सामान १८० आणि १३० धरलं तर ९३६ विरुद्ध ५१६. हे आकडे मी मांडणी कळावी म्हणून घेतलेत, तुमच्या भागातले दर यात घाला. लक्षात येईल की सामानातला फरक किरकोळ आहे, खरा फरक मजुरीचा. म्हणजे तास जास्त खाणारं काम जितकं मोठं, तितका गॅरेजचा फायदा मोठा. फोनवर व्हॅन डीलर पुष्कळदा व्हॅट सोडून आकडा सांगतात, कारण त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक धंदेवाईक असतं आणि त्याला व्हॅट परत मिळतो. तुम्हाला मिळत नाही. 'व्हॅट धरून किती?' हा पहिला प्रश्न.

वॉरंटी जाईल ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. भारतात 'बाहेर सर्व्हिस केलीत तर वॉरंटी संपली' हे शोरूममध्ये इतक्या वेळा कानावर पडलेलं असतं की इथेही तसंच असणार असं वाटतं. इथे तसं नाही. युरोपीय संघाच्या २०१० च्या ४६१ क्रमांकाच्या नियमानं स्वतंत्र गॅरेजला ही मोकळीक होती आणि १ जून २०२३ पासून ब्रिटनचा स्वतःचा मोटर व्हेइकल ब्लॉक एक्झेम्प्शन ऑर्डर (गाड्यांसाठी स्पर्धा कायद्यातल्या सवलतीचा आदेश) लागू आहे. कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे, कंपनीनं ठरवलेल्या प्रतीचं तेल आणि तोडीस तोड सामान वापरून केलेली सर्व्हिस बाहेरची आहे, एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. तुमची २०१७ची गाडी तशीही कंपनीच्या वॉरंटीबाहेर गेलेली आहे. पण दुसऱ्या हातातल्या गाडीबरोबर विकणाऱ्यानं एखादी विकत घ्यायची वॉरंटी दिली असेल, तर तिचे नियम वेगळे. ती विम्यासारखी पॉलिसी असते आणि 'सर्व्हिस व्हॅट-नोंदणी असलेल्या गॅरेजातच, ठरलेल्या मुदतीत' अशी अट त्यात बरेचदा असते. दारात येऊन काम करणारा चांगला मेकॅनिक वर्षाला ९०,००० पौंडांच्या उलाढालीखाली असेल तर तो व्हॅटमध्ये नोंदलेला नसेलही. त्याचं बिल तेवढंच स्वस्त येतं, आणि नेमकं त्याच बिलावर दावा अडकतो. पॉलिसी वाचल्याशिवाय त्याला बोलावू नका.

याहून महत्त्वाची आहे बॉडीची वॉरंटी. पाणी आत शिरण्याविरुद्ध मोटरहोम बनवणारे पाचपासून दहा वर्षांपर्यंतची हमी देतात. ती गाडीबरोबर पुढच्या मालकाला मिळते का हे कंपनीवर अवलंबून आहे, ते पत्रानं विचारून घ्या. तिची अट बहुतेक वेळा एकच: दरवर्षी, ठरलेल्या तारखेच्या आसपास, मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये ओल तपासणी. वरचा ब्लॉक एक्झेम्प्शनचा युक्तिवाद इथे करत बसू नका, तारीख पाळा. नॅशनल कॅरव्हान काउन्सिलच्या अप्रूव्हड वर्कशॉप स्कीममधली वर्कशॉपं बऱ्याच कंपन्या मान्य करतात, आणि त्यांत दारी येणारे तंत्रज्ञही आहेत. एक वर्ष चुकलं की पुढच्या दाव्याला सरळ नकार येतो. मागच्या भिंतीची कुजलेली चौकट बदलण्याचा खर्च दहा वर्षांच्या हॅबिटेशन सर्व्हिसच्या एकत्रित खर्चापेक्षाही जास्त होऊ शकतो, म्हणून इथे शंभर पौंड वाचवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आता तुमच्या गाडीकडे. डुकाटो २.३ चं इंजिन टायमिंग बेल्टवर चालतं. फियाटचं वेळापत्रक मैलांबरोबर वर्षंही मोजतं: कठीण वापरात चार वर्षं, एरवी फार तर पाच. मोटरहोम वर्षाला तीन-चार हजार मैल चालते, मग मालक म्हणतो 'अजून तीस हजारसुद्धा झाले नाहीत'. रबराला मैल कळत नाहीत, वय कळतं. तुमच्या गाडीचा बेल्ट एकदा तरी बदललेला असायलाच हवा होता. जुन्या मालकाच्या कागदांत बिल शोधा. नुसता शिक्का नको, बेल्ट किटचा पार्ट नंबर असलेलं बिल हवं. सापडलं नाही तर बदललेला नाही असंच धरा आणि हे काम पुढे ढकलू नका. तुटला तर रॉकर आणि व्हॉल्व्हपर्यंत नुकसान जातं. कोटेशन मागताना किटमध्ये टेन्शनर आणि आयडलर (पट्टा ताणून धरणारी चाकं) आहेत का, ऑक्झिलरी बेल्ट त्याच वेळी बदलणार का, आणि वॉटर पंपाचं काय, हे तिन्ही विचारा. स्वस्त कोटेशनात पुष्कळदा नुसता पट्टा असतो. हे काम चांगल्या स्वतंत्र गॅरेजात जरूर करावं, कारण हेच इंजिन हजारो डिलिव्हरी व्हॅनमध्ये आहे आणि व्हॅन सांभाळणाऱ्या गॅरेजला ते पाठ असतं. ए-क्लास गाडी (जिचा पुढचा भागही मोटरहोम कंपनीच बांधते) असती तर गोष्ट वेगळी. तिथे बॉनेट म्हणजे पुढची एक झडप, हात पोचायलाच वेळ जातो आणि तास वाढतात.

तेलाची प्रत हा गॅरेजातला नेहमीचा घोटाळा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर) असलेल्या २.३ ला एसीईए या युरोपीय मानकाचं सी२ प्रतीचं तेल लागतं, नेमका ग्रेड आणि फियाटचा मानक हँडबुकात असतो. पिंपातलं 'सगळ्यांना चालणारं' सी३ ओतून देणारे असतात. तुमच्या हँडबुकातल्या ओळीचा फोटो काढून गॅरेजला आधीच पाठवा आणि बिलावर तेलाचं नाव व मानक लिहून घ्या. डुकाटोचं वेळापत्रक ३०,००० मैल किंवा दोन वर्षांचं आहे, तरी वर्षातून एकदा तेल बदलणं मी योग्य मानतो. गाडी महिनोन्‌महिने उभी असते, मधूनच थोडं अंतर चालवली की डीपीएफचं जाळणं अर्धवट राहतं आणि डिझेल तेलात उतरतं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, मैल कितीही असोत.

(दुसरा कोणी फोर्ड ट्रान्झिटवरची २.० इकोब्लू घेऊन हे वाचत असेल तर तेलाच्या बाबतीत दुप्पट सावध राहा. त्यातला बेल्ट तेलातच बुडून फिरतो आणि डब्ल्यूएसएस-एम२सी९५०-ए मानकाचं ०डब्ल्यू-३० सोडून दुसरं काही ओतलं तर बेल्टच विरघळल्यासारखा होऊन त्याचे तुकडे तेलपंपाच्या जाळीत अडकतात.)

डुकाटोवर आणखी एक गोष्ट गॅरेजला सांगून तपासून घ्यायची. विंडस्क्रीनच्या खालच्या पन्हळीतून पाणी इंजिनावर, थेट इंजेक्टरांच्या खोबणीत ठिबकतं. २००६ नंतरच्या पिढीत हे जुनं दुखणं आहे. पानं अडकून निचरा तुंबला की खोबणीत पाणी साचतं, इंजेक्टर गंजून अडकतात, आणि मग ते काढायलाच अर्धा दिवस जातो. पन्हळ साफ करायला दहा मिनिटं लागतात. छापील सर्व्हिस यादीत हे सहसा नसतं, ना डीलरच्या ना गॅरेजच्या.

मागच्या बाजूला वाकून बघा. चेसिसच्या पट्ट्या चंदेरी, गॅल्व्हनाइझ केलेल्या असतील आणि मागे लीफ स्प्रिंगऐवजी आडवी नळी असेल तर ती अल-को या वेगळ्या कंपनीची चेसिस. त्या अॅक्सलला ग्रीस निपल असतात आणि त्यांना वर्षातून एकदा ग्रीस लागतं. फियाटच्या यादीत ते नाही, कारण अॅक्सल फियाटचा नाही. त्यामुळे डीलरकडे नेमानं गेलेल्या गाड्यांचेही अॅक्सल कोरडे सापडतात. शिवाय जॅक कुठे लावायचा हेही वेगळं असतं. अल-कोचा उल्लेख केल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर दुसरं गॅरेज बघा.

गॅरेज निवडताना दर नंतर विचारा, आधी माप सांगा: लांबी, उंची, वजन. सात मीटर लांब, तीन मीटरच्या आसपास उंच, साडेतीन टन. साध्या मोटारीच्या दोन खांबी लिफ्टवर ही गाडी चढवायची नसते, आणि चढवली तरी छप्पर लागतं. फोनवर 'डुकाटो' एवढंच सांगितलं तर व्हॅनचं कोटेशन मिळतं, आणि गाडी दारात उभी राहिल्यावर 'ही आत येत नाही' ऐकावं लागतं. ट्रक किंवा मोठ्या व्हॅनची कामं करणारी गॅरेजं बघा, त्यांच्याकडे खड्डा किंवा चार खांबी रॅम्प असतो. माझ्या मते मोटरहोमसाठी हीच सर्वांत योग्य जागा, डीलरपेक्षाही.

एमओटीचंही (ब्रिटनमधली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) तेच. मोटरहोम वजन कितीही असलं तरी क्लास ४ मध्ये मोडते आणि शुल्क जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. पण क्लास ४ च्या लहान केंद्रात ती मावेलच असं नाही, म्हणून क्लास ७ च्या, म्हणजे मोठ्या मालवाहू व्हॅन तपासणारं केंद्र गाठा. काउन्सिलचं एमओटी केंद्र जवळ असेल तर उत्तमच. तिथे बाहेरच्या लोकांच्या गाड्याही तपासतात आणि बहुतेक ठिकाणी दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे नसलेला दोष दाखवण्यात त्यांचा फायदा नाही. आणि एमओटीत गॅस तपासत नाहीत. एमओटी पास झाली म्हणून स्टोव्ह आणि हीटर सुरक्षित आहेत असं नाही.

मग डीलर लागतो कशाला? तीन कामांना. पहिलं रिकॉल: सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका, काही बाकी दिसलं तर ते डीलरकडे फुकट होतं. दुसरं, सॉफ्टवेअर अपडेट आणि किचकट इलेक्ट्रॉनिक बिघाड. २०१८ नंतरच्या फियाट गटाच्या गाड्यांत हळूहळू सिक्युरिटी गेटवे (गाडीच्या संगणकाचं कुलूप) आला, त्यामुळे कंपनीकडे नोंदणी नसलेलं स्कॅनर बिघाडाचे कोड वाचून दाखवतं, पण पुसू देत नाही. तुमच्या गाडीला बहुधा अडचण नाही, नवीन गाडीवाल्यांनी मात्र गॅरेजला विचारावं. तिसरं म्हणजे वॉरंटीच्या मुदतीतला मोठा बिघाड, जिथे खर्च कंपनीनं करायचा आहे.

हॅबिटेशन सर्व्हिसमध्ये कागदावर काय मिळालं पाहिजे: ओलीचा नकाशा, म्हणजे गाडीच्या आराखड्यावर जागोजागी टक्क्यांचे आकडे. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, १५ ते २० वर लक्ष ठेवा, २० च्या पुढे शोध घ्यायचा, ३० च्या पुढे आतलं लाकूड खराब झालेलं असू शकतं. 'ओल नाही' एवढ्या दोन शब्दांवर पैसे देऊ नका, कारण पुढच्या वर्षी तुलना आकड्यांशीच होते. १४ चे १८ झाले तर जागा कळते आणि एका सीलंटच्या नळीत काम भागतं. गॅसची गळती चाचणी झाली पाहिजे, नळीवर छापलेलं साल आणि रेग्युलेटरचं वय लिहून मिळालं पाहिजे, कार्बन मोनॉक्साइड अलार्मची मुदत आणि आरसीडी (विजेचा धक्का टाळणारा स्विच) तपासलेला असला पाहिजे. गॅसचं काम करणाऱ्याकडे गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची नोंदणी) कार्ड असेल तर मागची बाजू बघा: त्यावर एलपीजी आणि 'लीझर अॅकोमोडेशन व्हेइकल'ची (राहण्याची सोय असलेली गाडी) नोंद हवी. घरातल्या बॉयलरची नोंद इथे उपयोगाची नाही.

प्रत्येक बिलावर तारीख, मैल, तेलाचा मानक आणि पार्ट नंबर असू द्या. विकताना ग्राहक शिक्का डीलरचा आहे का हे विचारतो खरा, पण जाड फाइल हातात दिली की तो बेल्टचं बिल आणि ओलीचे आकडेच उघडतो.

तुमच्यापुरता क्रम: आज रिकॉल बघा, मग बेल्टचा कागद शोधा, मग बेल्ट आणि तेल एकाच फेरीत व्हॅनच्या गॅरेजात. दोन्ही एकत्र केलं तर गाडी एकदाच वर चढते आणि थोडी मजुरी वाचते. हॅबिटेशन सर्व्हिस मार्चअखेर किंवा एप्रिलात ठेवा. थंडीत टाक्या रिकाम्या असतात आणि पाण्याची बाजू तपासता येत नाही, शिवाय गोठून फुटलेला जोड पाणी भरल्यावरच दिसतो. त्या दिवसांत सगळ्यांची गर्दी असते, म्हणून तारीख जानेवारीतच पक्की करा.