मुलीचा फोल्डर डिलीट केलात, ते आधी बोलू

नमस्कार. साताऱ्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला, रात्री उशिरापर्यंत फोनवर इलस्ट्रेटर, फोटोग्राफर, डिझायनर लोकांची कामं बघत बसते, तुम्ही चिडून तिने साठवलेला सगळा फोल्डर उडवलात, आणि आता विचारताय की ही सवय कशी मोडायची आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी किती मार्क लागतील.

मला तिच्या मार्कांची काहीच काळजी वाटली नाही, फोल्डरची वाटली. वर्षभर निवडून जमवलेलं होतं ते, आणि तुम्ही तिला न विचारता पुसलंत. याचा परिणाम एकच होतो, मूल आवड सोडत नाही, घरात दाखवणं सोडतं. फोनच्या ट्रॅशमध्ये फोटो थोडे दिवस राहतात, आजच तिच्याबरोबर बसून परत आणा आणि सॉरी म्हणा, बाप सॉरी म्हणाला तर काही बिघडत नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्यांची चित्रं बघून बघून ती फक्त कॉपी करायला शिकेल, स्वतःचं काही सुचणार नाही. हा गैरसमज खूप घरांत आहे. अहो, गाणं शिकणाऱ्या पोराला आपण कधी म्हणतो का की दुसऱ्याचं गाणं ऐकू नको? नजर बघूनच तयार होते. ट्रेस करून स्वतःच्या नावावर टाकलं तर ते चूकच, पण बघणं म्हणजे चोरी नाही. यूसीड ही आयआयटी मुंबईची डिझाईनची परीक्षा, तिच्या सिलॅबसमध्ये निरीक्षण हा भागच आहे. हां, नुसतं स्क्रोल करणं म्हणजे बघणं नाही हे मात्र तिलाही सांगा, कारण फीड तेच दाखवतो ज्याला आधीच लाइक्स पडलेत, आणि मग सगळ्यांची चित्रं एकसारखी दिसायला लागतात.

तिने नावामागे जावं. पुस्तकाचं कव्हर आवडलं की आत मुखपृष्ठ कोणाचं लिहिलंय ते बघायचं, मग त्या माणसाची बाकीची कामं शोधायची, त्याला कोण आवडतं ते शोधायचं. बिहॅन्स या डिझायनर लोकांच्या वेबसाइटवर बरेच जण कच्ची स्केचेस पण टाकतात, तिथे जास्त शिकायला मिळतं. सेव्ह करताना नाव आणि का आवडलं याची एक ओळ लिहायचीच. जुनंही बघू दे. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला, कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं बघा, आणि विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वापरलेला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केलाय, म्हणजे कॉम्प्युटरमध्येही शेवटी डिझायनरचा हात आहेच. फोटोग्राफीत दयानिता सिंग बघा, एनआयडी या डिझाईन संस्थेत शिकल्या, फोटोंचं पुस्तक हेच स्वतंत्र काम मानून करत राहिल्या आणि २०२२ चा हॅसलब्लाड हा फोटोग्राफीतला मोठा पुरस्कार मिळाला. सगळ्यांना असं यश मिळत नाही हे मी लपवणार नाही, फ्रीलान्समध्ये पहिली काही वर्षं ओढाताण असतेच, म्हणून बरेच जण आधी स्टुडिओत नोकरी करतात आणि मग स्वतःचं सुरू करतात.

परीक्षांचं थोडक्यात: बी.डिझाईन म्हणजे डिझाईनच्या पदवीला यूसीड किंवा एनआयडीची डॅट ही प्रवेशपरीक्षा, बीएफए म्हणजे फाइन आर्ट्सच्या पदवीला राज्याची सीईटी. यूसीड आणि डॅटला बारावीची कुठलीही शाखा चालते, त्यामुळे सायन्स सोडायची घाई नको.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईत काळा घोडा हा कलांचा फेस्टिव्हल असतो, तिला घेऊन जा. जहांगीर आर्ट गॅलरीतही जा, तिथल्या फुटपाथवर चित्रं मांडून बसतात त्या चित्रकारांशी तिला बोलू दे, तुम्ही जरा लांब उभे राहा.

इंजिनिअरिंगच्या कटऑफचं उत्तर मी आत्ता देणार नाही, कारण तिला काय हवंय हे तुमच्या दोन पानी पत्रात एकदाही आलेलं नाही. पुढचं पत्र तिला लिहू दे. आवडलेली दहा कामं, प्रत्येकाचं नाव आणि कारण. तुम्ही वाचून न बघता पाठवा.