मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरचा रस्ता खेळण्यातला का वाटतो? त्याला कोणता काळा रंग द्यावा?

स्टेशनमागच्या रस्त्यासाठी काळ्याची नेमकी कोणती छटा घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे, आणि मापे सगळी अचूक असूनही तो रस्ता खेळण्यातला वाटतो, अशी तुमची तक्रार आहे. काळा रंग घेऊच नका. खरे तर एवढे उत्तर पुरेसे होते. परंतु ‘मापे सगळी अचूक असूनही’ हे तुमचे शब्द वाचले आणि मला माझे जुने जोडीदार आठवले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही दोघांनी मिळून १:८७ प्रमाणाचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा (या छंदात याला एचओ म्हणतात), एक लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेचा सगळा देखावा, बांधायला घेतला होता. रूळ, सांधे आणि सिग्नल त्यांच्याकडे, तर डोंगर, झाडे, घरे आणि रस्ते माझ्याकडे, अशी वाटणी ठरली होती. ते आयुष्यभर नकाशे आखण्याचे काम केलेले गृहस्थ. मी काही दिवस बाहेरगावी गेलो असताना त्यांनी स्टेशनमागचा रस्ता स्वतःच करून टाकला. सात मीटरचा रस्ता म्हणून ८० मिलिमीटर रुंदीचा जाड पुठ्ठा, फूटपाथची कड पावणेदोन मिलिमीटर उंच, वर गडद काळा ॲक्रिलिक रंग आणि मधोमध अगदी सरळ रेषेत आखलेले पांढरे पट्टे. एकाही मापात चूक काढता आली नसती, आणि तरीही कोणी नवे पायपुसणे अंथरले असावे, तसा तो रस्ता दिसत होता. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा ‘चूक नेमकी किती मिलिमीटरची आहे ते सांगा,’ एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री मी जे केले ते करायला नको होते, हे आधीच कबूल करतो. मातकट राखाडी रंग भरपूर पाण्यात पातळ करून मी तो त्यांच्या रस्त्यावर सोडला. हेतू असा, की तो कडेच्या खाचांत जाऊन बसेल आणि रस्ता वापरातला वाटेल. परंतु पुठ्ठा फक्त कडांना चिकटवलेला होता. तो भिजला, मध्यभागी खचला आणि सगळे पाणी बरोबर मधल्या पट्ट्यांवर येऊन साचले. सकाळी तेथे तळहाताएवढा फिकट डाग वाळून बसला होता, आणि माझे जोडीदार त्याच्याकडे पाहत उभे होते. त्यानंतर आमचे जे बोलणे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

मात्र त्या डागामुळे मला एक गोष्ट कळली. खऱ्या रस्त्यावर पाणी मध्ये साचत नाही, कारण रस्ता सपाट नसतोच. मध्ये किंचित उंच ठेवून तो दोन्ही बाजूंना उतरता केलेला असतो. त्या उताराने पाणी कडेला जाते, पाण्याबरोबर माती जाते, आणि म्हणून कड मळकी व मध्य त्या मानाने स्वच्छ राहतो. पुढे एकदा पाऊस थांबल्यावर मी तासभर एका चौकात उभा राहून नुसते पाहिले. गाड्या जेथे थांबतात तेथे प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध तेलाचा काळपट पट्टा असतो, कारण तेल इंजिनाखाली गळते, चाकांखाली नाही. चाकांच्या वाटा घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि चौकापासून दूर गेले की तो काळा पट्टा विरत जातो. पाइपसाठी खणून पुन्हा बुजवलेला चर भोवतालच्या डांबराहून गडद असतो, कारण तो नवा असतो. उन्हाने जुने डांबर राखाडी पडते. मॅनहोलच्या झाकणाभोवती तड्यांचे जाळे असते. यांतला एकही डाग विनाकारण पडलेला नाही, आणि तुमच्या रस्त्यात हीच कारणे नाहीत.

आता करायचे कसे, ते सांगतो. रस्त्याच्या मध्यरेषेखाली एक मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवा. ८० मिलिमीटर रुंदीला एवढा उंचवटा पुरतो. त्यावर पातळ प्लास्टर किंवा भिंतीची पुट्टी पसरा, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवा आणि पूर्ण गुळगुळीत मात्र करू नका. रंग मध्यम राखाडी, त्यात थोडा तपकिरी आणि किंचित पांढरा मिसळलेला, आणि चमक अजिबात नको. तडे सुईने ओरखडून घ्या. मॅनहोलचे झाकण या प्रमाणात सात मिलिमीटरचे येते. ते बरोबर मध्यरेषेवर बसवू नका. पट्टे काढून झाल्यावर चाकांच्या वाटेत ते पॉलिशपेपरने अर्धवट खरवडा. रंगीत खडूची पूड मऊ ब्रशने कडेला चढवा आणि ती पूड हाताला वाटते त्याच्या निम्मीच घ्या. डोंगरासाठी फोम वापरत असाल, तर त्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नका. त्यातल्या द्रावकाने फोम विरघळतो.

रुळांखालच्या खडीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगतो, कारण बहुतेकांची खडी दगडगोट्यांएवढी दिसते. खरी खडी सुमारे ५० मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्याकडे ती अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर यायला हवी. ती पसरून झाल्यावर आधी अल्कोहोलने भिजवायची आणि मग निम्मे पाणी घातलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडायचा. अल्कोहोल चुकवले की गोंदाचे गोल थेंब होतात आणि खडी त्यांच्या अंगावर चढून बसते. झाडांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. पंधरा मीटरचे साधे झाड येथे सतरा सेंटिमीटरचे व्हायला हवे, आणि लोक आठ सेंटिमीटरची झुडपे लावून जंगल झाले म्हणतात.

याच पद्धतीने मी केलेला नवा रस्ता पाहून माझे जोडीदार म्हणाले, की घाण चढवणे म्हणजे कच्चे काम झाकणे होय. हे वाक्य मला आजही बोचते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन यांनी आपल्या ‘गोरी अँड डिफीटेड’ या लेआउटवर डबे, इमारती आणि पूल गंजलेले, काजळलेले, झिजलेले दाखवले आणि या छंदाची नजरच बदलून टाकली. १९७३ साली ते वारले आणि पुढच्या काही दिवसांतच तो लेआउट आगीत गेला, तरी त्याची छायाचित्रे लोक आजही अभ्यासतात. त्यांचे काम कच्चे होते, असे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार होते, ही गोष्टही मी त्या वेळी सुनावली होती: ज्याला उजेड कळतो, त्याला डाग कळतो.

आता जोडीदारांच्या बाजूनेही थोडे सांगायला हवे. मापाशिवाय यांतले काहीच उभे राहत नाही. दार चोवीस मिलिमीटरचे आणि माणूस तीस मिलिमीटरचा झाला, तर कितीही धूळ उडवा, डोळा फसत नाही. इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयात १:७६ प्रमाणात जुनी खेडी उभी केली आहेत. तेथे माप काटेकोर आहे आणि भिंतींवर वयही दिसते, त्यामुळे आमचे भांडण मुळात निरर्थक होते, असे कोणी म्हटले तर मी फारसा वाद घालणार नाही. शिवाय माझा सगळा अनुभव १:८७ चा आहे. १:१६० मध्ये सुईचा ओरखडा दरीसारखा दिसेल. तेथे तडे पेन्सिलीने काढणेच बरे. लेआउट उचलून नेण्याचा असेल, तर पुट्टीचा थर तडकतो, आणि ते तडे तुम्हाला हव्या त्या जागी येत नाहीत.

तो जुना काळा रस्ता मी फेकून देणार होतो, परंतु त्यांनी तो मागून घेतला आणि स्वतःच्या घरच्या लेआउटवर बसवला. मागे गेलो होतो, तेव्हा पाहिला. रस्ता अजून तसाच गडद काळा आहे, पट्टे तसेच सरळ आहेत, आणि मधल्या त्या फिकट डागावर त्यांनी एक ट्रक उभा करून ठेवला आहे. ट्रकच्या चाकांना बारीकशी माती लागलेली होती. ती कोणी लावली, हे मी विचारले नाही.