'मज्जाविकृती'ला आज काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: मानसशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत 'मज्जाविकृती' हा शब्द सारखा भेटतो, आजचे मानसोपचारतज्ज्ञ मात्र तो वापरत नाहीत. त्याऐवजी कोणता शब्द आला?

कुठलाच एक शब्द आला नाही. चिंता, भीती, मंत्रचळ अशा मानसिक त्रासांच्या ज्या गटाचं ते नाव होतं, तो गटच मोडला.

हा शब्द 'न्यूरोसिस'साठी घडवलेला. स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम कलन यांनी १७६९ मध्ये मूळ शब्द काढला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मज्जासंस्थेचे आजार होते. पुढे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी त्याच शब्दात मनातला दडपलेला संघर्ष भरला. मराठी नावात 'मज्जा' तशीच राहिली आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा नसांचा आजार असावा.

खरी उलथापालथ १९८० ची. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 'डीएसएम' या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली निघाली. तोवर एकाच रुग्णाचं दोन डॉक्टर दोन तऱ्हांनी निदान करत. म्हणून ठरलं, की कारण नक्की माहीत नसेल तर नाव कारणावरून द्यायचं नाही. लक्षणं कोणती, किती काळ, हेच पाहायचं. 'मज्जाविकृती' तर कारणाचाच दावा करणारं नाव! मनोविश्लेषकांनी कडाडून विरोध केला, तेव्हा तडजोड म्हणून काही निदानांपुढे ते कंसात ठेवलं गेलं. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत कंसही गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी' या आजारांच्या वर्गीकरणात दहाव्या आवृत्तीपर्यंत त्याची खूण होती. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तीही उरली नाही.

जुन्या 'चिंता-मज्जाविकृती'चे दोन विकार झाले: अचानक भीतीचे झटके येणारा पॅनिक डिसऑर्डर आणि सतत काळजी लागून राहणारा सार्वत्रिक चिंताविकार. मंत्रचळाला, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा घडणाऱ्या ओसीडीला, २०१३ पासून डीएसएममध्ये स्वतःचं प्रकरण मिळालं. त्यामुळे जुना मजकूर वाचताना त्या लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते पाहून आजचं नाव शोधावं लागतं. 'मनोगंड' मात्र लिहू नका, तो 'कॉम्प्लेक्स'चा, म्हणजे मनात दडलेल्या भावनांच्या गुंत्याचा, प्रतिशब्द आहे.

आणि 'विकृती'बद्दल माझा आग्रह आहे. बोलीभाषेत 'विकृत' ही शिवी आहे. चिंतेनं रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाला ती का ऐकवायची? 'विकार' म्हणा. 'मज्जाविकृती' फक्त जुन्या ग्रंथातलं अवतरण देताना, अवतरणचिन्हांत ठेवा.